पेटीतले पाणी आटते, क्षार उरतात

शाळेच्या प्रयोगशाळेतील माशांच्या काचपेटीपुढे उभे राहून विज्ञानाच्या एका बाईंनी मला कोडे घातले. पेटीत जूनपासून आठ टेट्रा मासे होते, सगळे ठणठणीत. जानेवारीत स्नेहसंमेलनासाठी त्याच जातीचे आणखी चार आणून पेटीत सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतले तीन मरून पडले होते आणि जुने आठ मात्र खुशाल पोहत होते. पाणी आरशासारखे स्वच्छ, फिल्टर रात्रंदिवस चालू, पाण्याची पातळीही कधी खाली जाऊ दिलेली नाही. मग चूक कुठे झाली?

पातळी कशी राखता, असे मी विचारले. बाईंनी चार लिटरचा एक डबा दाखवला. दर शनिवारी मुले बोअरच्या पाण्याने तो भरून पेटीत ओततात. गेले तीस आठवडे हा नेम चुकलेला नाही. उत्तर त्या डब्यातच होते.

पाण्याची वाफ होते तेव्हा फक्त पाण्याचे रेणू हवेत जातात. त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार मागेच राहतात. शनिवारी आपण ओततो ते मात्र नुसते पाणी नसते, त्याबरोबर नवे क्षारही येतात. पाणी जाते आणि येते. क्षार फक्त येतात.

हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद. रेती व दगड वजा जाता पाणी ४५ लिटर. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ४०० मिलिग्रॅम क्षार होते. म्हणजे पेटी प्रथम भरली तेव्हा तीत १८ ग्रॅम क्षार होते. दर आठवड्याच्या चार लिटरांबरोबर १.६ ग्रॅमची भर पडते. अकरा-बारा आठवड्यांत प्रमाण दुप्पट होते. तीस आठवड्यांत ४८ ग्रॅमची भर पडून एकूण ६६ ग्रॅम, म्हणजे लिटरला जवळजवळ १,४७० मिलिग्रॅम.

माझ्याजवळच्या टीडीएस मीटरने पेटीतले पाणी तपासले तर आकडा आला १,२४०. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो, तेव्हा थोडीफार तफावत धरायला हवी. शिवाय काचेवर, पाण्याच्या रेषेच्या वर, एक पांढरा पट्टा दिसत होता आणि फिल्टरच्या तोंडाशी तशीच पांढरी खपली होती. कॅल्शियम कार्बोनेटच ते. हिशेबातला काही भाग तिथे जाऊन बसला होता. उलट, माशांचे खाद्य व विष्ठा यांनी पाण्यात थोडी भरही घातली असणार.

आता माशांचे. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातले द्रव भोवतालच्या पाण्यापेक्षा जास्त खारे असतात. त्यामुळे परासरणाने पाणी सतत आत शिरत राहते. मासा ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकतो आणि हरवलेले क्षार कल्ल्यांतून पुन्हा मिळवतो. बाहेरच्या पाण्याची घनता बदलली की ही सारी यंत्रणा नव्याने जुळवावी लागते. जुन्या माशांना त्यासाठी तीस आठवडे मिळाले होते, नव्यांना अर्धा मिनिट. ते याच एका कारणाने मेले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, प्रवासाचा ताणही असतोच. पण एवढा धक्का पुरेसा होता.

‘पण फिल्टर होता ना!’ बाई म्हणाल्या. येथे नावाने फसगत होते. फिल्टरचा स्पंज गाळ अडवतो. त्यावर वाढणारे जिवाणू माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे काम फार मोलाचे आहे, पण तयार झालेले नायट्रेट पाण्यातच राहते. विरघळलेले क्षार तर फिल्टरमधून जसेच्या तसे पार होतात. फिल्टर पाणी निवळ ठेवतो, हलके ठेवत नाही.

विदर्भातल्या वाचकांनी हाच प्रकार कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाहिला असेल. मेअखेर त्या पांढऱ्या पडून दगडासारख्या होतात. आणि याचे प्रचंड रूप पाहायचे तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर आहे. त्याला गोडे झरे मिळतात, पण पाणी वाहून बाहेर जायला वाट नाही. ते वाफेनेच जाते. पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी झाले आहे.

पाणी आटते कशाने? बहुतेकांचा संशय हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांवर जातो. तपासून पाहू. पंप मिनिटाला दोन लिटर हवा सोडत असेल तर दिवसाला ती सुमारे २.९ घनमीटर होते. २८ अंश सेल्सिअसला हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. खोलीतली आर्द्रता पन्नास टक्के असेल, तर बुडबुड्यांतली हवा दर घनमीटरला आणखी साडेतेरा ग्रॅम घेऊन जाईल. दिवसाकाठी चाळीस ग्रॅम, म्हणजे अर्धी वाटीही नाही! बाईंच्या पेटीतून तर रोज अर्ध्या लिटरहून जास्त पाणी जात होते. खरा उडवणारा वर फिरत होता: छताचा पंखा. पृष्ठभागालगतची दमट हवा तो हलवून नेतो आणि तिच्या जागी कोरडी हवा येते.

म्हणून पहिला उपाय झाकण. काच ठेवावी, पण हवेसाठी फट राखावी. काचेखाली साठून परत पडणारे थेंब क्षारविरहित असतात. मात्र बाष्पीभवनाबरोबर उष्णताही जात असते. रोजच्या अर्ध्या लिटरला ती सतत सुमारे १४ वॅट इतकी भरते. झाकलेली पेटी त्यामुळे उन्हाळ्यात अधिक तापते. वैशाखात झाकण काढून पाणी जास्त घालणेच मला बरे वाटते.

पातळी घसरू देणेही परवडत नाही. पेटीच्या काठाला टांगलेल्या फिल्टरची नळी उघडी पडली की पंप हवा ओढतो, कोरडा चालून जळतो. सुटीत पेटीवर पाण्याची बाटली उपडी बांधावी, तिचे तोंड हव्या त्या पातळीला टेकलेले ठेवावे. पातळी उतरली की हवा आत शिरते आणि तेवढेच पाणी बाहेर येते. कोंबडीच्या पिल्लांचे पाण्याचे भांडे असेच चालते. हवेच्या दाबाचा धडा इथे आयताच मिळतो. बाटलीत मात्र पावसाचे किंवा आर.ओ. यंत्रातून गाळून आलेले पाणी भरावे. त्या यंत्राच्या सांडपाण्यात क्षार जास्तच असतात, ते मुळीच वापरू नये.

मुख्य उपाय पाणी बदलणे. आटलेले भरून काढणे म्हणजे बदलणे नव्हे. पेटीतले पाणी काढून टाकले तरच क्षार बाहेर जातात. आठवड्याला दहा लिटर काढले आणि चार लिटर आटले, तर बोअरचे चौदा लिटर घालावे लागेल. कालांतराने आत येणारे आणि बाहेर जाणारे क्षार सारखे होतील. तेव्हा पेटीतले प्रमाण मूळ पाण्याच्या चौदा भागिले दहा, म्हणजे १.४ पट होऊन तिथेच थांबेल. चारशेचे पाचशे साठ. नुसतीच भर घातली तर थांबणे नाही.

बाईंनी घाई केली नाही, कारण एकदम सगळे पाणी बदलणे जुन्या आठांनाही तोच धक्का ठरला असता. दर तिसऱ्या दिवशी पाच लिटर काढायचे, पातळी पुन्हा भरायची आणि मीटरचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा, असे ठरले. मार्चअखेर आकडा सहाशेच्या आसपास आला. मग नवे मासे आणले. पिशवीत पेटीतले पाणी थोडे थोडे मिसळत तासभर ठेवून मगच ते सोडले. या वेळी चारही राहिले.