ऑपरेशननंतर आतडी का थबकतात?

मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वस्तीत कुणाच्या पोटाचं ऑपरेशन झालं की भेटायला येणारे आधी विचारतात, "गॅस पास झाला का?" प्रश्न योग्यच आहे. पण 'अजून नाही' म्हटल्यावर ऑपरेशन बिघडलं असं समजणं बहुतेक वेळा चुकीचं ठरतं.

आतडी अन्न पुढे ढकलतात ती क्रमाकुंचनाने (स्नायू ओळीने आवळत-सैल होत जाण्याने). ऑपरेशनमध्ये आतड्यांना हात लागला की त्यांच्या भिंतीला सूज येते, मज्जातंतू हालचालीला आवर घालतात आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामकं ती आणखी मंदावतात. वाट कुठे अडलेली नसते, फक्त गती थांबलेली असते. रविवारी रेल्वे रुळांच्या दुरुस्तीचा जम्बो ब्लॉक संपला तरी मीरा रोडला लोकल गाड्या लगेच वेळापत्रकावर येत नाहीत, तसंच हे.

सगळे भाग एकदम जागे होत नाहीत. लहान आतडं साधारण २४ तासांत सुरू होतं, जठर २४ ते ४८, मोठं आतडं ४८ ते ७२ तासांत. गॅस मोठ्या आतड्यातून सरतो, म्हणून त्याला उशीर.

पूर्वी गॅस सरेपर्यंत पेशंटला उपाशी ठेवत. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी लवकर खाणं आणि लवकर चालणं यांवर भर दिला. आता अनेक ऑपरेशनांनंतर डॉक्टर लवकरच घोट घोट पाणी देऊन पेशंटला उठवून चालवतात. त्यांनी सांगितलं असेल तर नातेवाइकांनी "पडून राहा" असा आग्रह धरू नये, आणि एरंडेल किंवा जुलाबाचं औषध तर मनाने मुळीच देऊ नये. पोट फुगत चाललं, उलट्या थांबेनात, ताप आला किंवा दुखणं वाढलं, तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवावं.