बहात्तर तास आणि न्यायालयाची वेस

ऑक्टोबर २०२०च्या मध्यात धाराशिव जिल्ह्यात असा पाऊस कोसळला, की उभं सोयाबीन आडवं झालं आणि काढून ठेवलेल्या गंजींतल्या शेंगांना कोंब फुटले. काही ठिकाणी ओढ्याकाठची मातीच पिकासकट खरवडून गेली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, देवेंद्र फडणवीस, शरद पवार असे सगळे पाहणीला येऊन गेले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांनी पंचनामे केले. सरकारने जिरायतीला दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी दहा हजारांची मदत जाहीर केली. विम्याचं घोडं मात्र अडलं.

पंतप्रधान पीक विमा योजनेत काढणीनंतरच्या किंवा एखाद्या भागापुरत्या नुकसानीची खबर बहात्तर तासांत द्यायची असते. पुण्या-मुंबईत बसून वाचलं तर अट वाजवी वाटते. पण रानात गुडघाभर चिखल, गावात वीज नाही, मोबाइल बंद पडलेला, आणि लागलाच तर टोल फ्री क्रमांक व्यस्त! अशा वेळी माणूस आधी जनावरं सोडवतो, मग घरातलं धान्य वर ठेवतो. विमा कंपनीची आठवण त्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते. बजाज अलियान्झ कंपनीने नेमकं याच अटीवर बोट ठेवलं.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं. सरकारी यंत्रणेने नुकसान डोळ्यांनी पाहिलं, पंचनाम्यावर सह्या केल्या, मदतही दिली. मग कंपनीला खबरच नव्हती, हे कसं मानायचं? मे २०२२मध्ये खंडपीठाने आदेश दिला: जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्या; कंपनीने हात वर केले तर राज्य सरकारने द्यावी. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तर तिथे दोनशे कोटी रुपये जमा करायला सांगितलं गेलं. नंतरही वसुलीचं गुऱ्हाळ चालूच राहिलं, कारण न्यायालय आदेश देतं; खात्यावर पैसे टाकायला त्याच्याकडे ना तलाठी, ना बँक.

ही न्यायालयाची अतिसक्रियता झाली का? हा शब्दप्रयोग रूढ केला अमेरिकी इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी, १९४७ साली ‘फॉर्च्युन’ मासिकातल्या लेखात. आपल्याकडे न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. भगवती यांनी जनहित याचिकेचं दार उघडलं आणि वादाला देशी रंग चढला. त्यावर सणसणीत उतारा मिळाला तो २००७मध्ये. हरियाणातल्या एका गोल्फ क्लबने माळ्याच्या जागेवर घेतलेल्या कामगारांना ट्रॅक्टर चालवायला लावलं होतं. त्यांना ट्रॅक्टरचालक म्हणून कायम करण्याचा प्रश्न होता. पदच मंजूर नसताना ते निर्माण करणं हे आमचं काम नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने बजावलं आणि जाता जाता सगळ्याच न्यायाधीशांना मर्यादेचा धडा दिला. धडा लांबलचक होता. संयमावर बोलताना संयम राहिला नाही, असं म्हणणारेही निघाले!

माझ्या मते सक्रिय की संयमी, हा स्वभावाचा प्रश्न करून आपण घोळ घालतो. पाहायचं ते एवढंच, की न्यायालयाच्या हातात मोजपट्टी कुणाची होती. विम्याच्या खटल्यात योजना सरकारची, करार कंपनीचा, पंचनामे महसूल खात्याचे. न्यायालयाने नवा नियम काढला नाही. असलेला नियम चिखलात उभं राहून वाचला.

याच जिल्ह्याचा दुसरा खटला बघा. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानच्या नावावरून पडलेलं ‘उस्मानाबाद’ बदलून ‘धाराशिव’ करायचा निर्णय ठाकरे सरकारने जून २०२२च्या अखेरीस घेतला, शिंदे सरकारने तो जुलैत पुन्हा घेतला, केंद्राची संमती फेब्रुवारी २०२३मध्ये आली. लोक उच्च न्यायालयात गेले. प्रक्रिया पुरी होईपर्यंत महसुली कागदांवर जुनंच नाव ठेवा, असं न्यायालयाने सरकारला सांगितलं. सप्टेंबर २०२३मध्ये अंतिम अधिसूचना निघाली आणि ८ मे २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्या. आरिफ डॉक्टर यांनी याचिका फेटाळल्या. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. महसुली क्षेत्राचं नाव बदलण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेने सरकारला दिला आहे. हरकती मागवल्या की नाही, हे न्यायालय तपासू शकतं. कुठलं नाव चांगलं, हे मोजायला त्याच्याकडे काही नाही. ज्यांना नाव आवडलं त्यांनी या संयमाचं कौतुक केलं, ज्यांना खुपलं त्यांना ती माघार वाटली. विम्याच्या वेळी हीच मंडळी कदाचित एका बाजूला असतील.

याउलट २०१६च्या दुष्काळातला आयपीएलचा आदेश मला आजही पचत नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात पोचली आणि दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. मराठवाड्याच्या मनाला बरं वाटलं, हे खरं. पण मुंबईच्या मैदानावर वाचलेलं पाणी कळंब-भूमला येणार कुठल्या नळाने? त्याच वर्षी ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाबाबत केंद्राला कानपिचक्या दिल्या आणि अरुण जेटलींनी राज्यसभेत न्यायालयीन अतिक्रमणाची तक्रार केली. त्या निकालापुरती ती तक्रार मला पटत नाही. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा संसदेनेच केला होता आणि तो पाळा, एवढंच न्यायालय सांगत होतं.

आता पुढचा अंक. २०२५च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान हे भरपाईचे निकषच वगळले. उरली ती पीक कापणी प्रयोगावरची भरपाई. बहात्तर तासांची कटकट मिटली, पण ज्या नुकसानीसाठी ती होती, त्याचं विमासंरक्षणही गेलं. त्याच सप्टेंबरात भूम-परंड्यात पूर आला आणि माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. २०२०च्या शेतकऱ्याने न्यायालयाला कलम दाखवून हे पाळायला लावा म्हटलं होतं. २०२५च्या शेतकऱ्याला काढलेलं कलम परत घाला, अशी मागणी करावी लागेल. ती धोरणाची बाब आहे, असं न्यायालय म्हणालं तर त्याला दोष देता येणार नाही. ते भांडण विधानसभेत, आमदाराच्या दारात आणि मतपेटीतच करावं लागेल.