शाळेच्या ताटाला परसबागेची जोड



एकरी टनेजचा हिशेब आपण दर हंगामात मांडतो. आज मुलांच्या दुपारच्या ताटाचा हिशेब मांडू.

सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले जेवण देणे बंधनकारक झाले. या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. म्हणजे शंभर पटाच्या शाळेला रोज ५ किलो भाजी हवी. बाजारात भाजी कडाडली की पहिली कात्री तिलाच लागते. मग ताटात उरतो भात आणि पातळ आमटी. पोट भरते, पण लोह आणि जीवनसत्त्वे कमी पडतात.

यावर उपाय म्हणजे शाळेची परसबाग. त्याला लागणारे सामान आपल्याच शिवारात आहे.

१) पाचट जाळू नका. जाळल्याने त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो. चार भारे शाळेला द्या. वाफ्यात रोपांमध्ये पाचट अंथरले की ओल टिकते, तण दबते. मातीत मात्र मिसळू नका. कुजताना ते रोपांचा नत्र ओढून घेते.

२) प्रेसमड चांगला कुजवूनच घाला. कच्चा तापतो आणि रोपे जळतात.

३) कुंपणाला शेवगा लावा, वाफ्यात मेथी, पालक, चवळी करा. ताटे धुतलेले पाणी अळू व केळीकडे वळवा.

४) मटकी, मूग भिजवून मोड आणावेत. क जीवनसत्त्व वाढते, लवकर शिजते, इंधन वाचते. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी जास्त लागते.

एक गोष्ट कळकळीची. शाळेलगत ज्यांचा ऊस आहे त्यांनी वारा असताना टू-फोर-डी फवारू नये. उसाला ते बाधत नाही, पण उडालेल्या तुषारांनी भाजीची पाने वेडीवाकडी होतात. शिवाय तीच भाजी पोरांच्या पोटात जायची! शाळा भरलेली असताना तर पंप खांद्याला लावूच नये.

बाग करायची असेल तर मुख्याध्यापक व शाळा समितीशी बोलून आपल्या चिटबॉयकडे निरोप द्या. वाफे कसे पाडायचे, खत किती घालायचे, हे आम्ही येऊन दाखवू. पाणी घालायची पाळी मात्र गावाने वाटून घ्यावी, विशेषतः मे महिन्याच्या सुट्टीत. बागा वाळतात त्या तेव्हाच.

— ऊसविकास विभाग