खाली दुकान, वर विद्यापीठ

(लेखांक 6)

'या विद्यापीठाचे मुख्य प्रवेशद्वार कोणते?' गेल्या आठवड्यातला विद्यापीठाच्या नामांतराचा लेख वाचून नागपूरच्या एका वाचकांनी असे विचारले आहे. टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा सारा स्वभाव या प्रश्नात दडलेला असल्यामुळे विधी शाखेच्या अभ्यासक्रमाची कबूल केलेली हकीकत एक आठवडा पुढे ढकलून आधी या दाराकडे वळणे योग्य.

दार आहे, पण ते उघडते व्यायामशाळेत. विद्यापीठाच्या केर हॉल या इमारतीच्या चौकात जुन्या नॉर्मल स्कूलचा फक्त दर्शनी भाग उभा आहे. 1852 मध्ये शिक्षक घडवणारी ती शाळा, विद्यापीठाचे जुने नाव ज्यांच्यावरून होते त्या एगर्टन रायर्सन यांनी या जागेवर आणली. महायुद्धानंतर तिथेच परतलेल्या सैनिकांना हातची कामे शिकवण्याचे वर्ग भरले आणि त्यातूनच 1948 मध्ये हॉवर्ड केर यांची तंत्रसंस्था निघाली; तीच पुढे हे विद्यापीठ झाली. विद्यार्थी वाढले तशा जुन्या इमारतीभोवती केर हॉलच्या नव्या भिंती चढू लागल्या. 1963 मध्ये मधली इमारत पाडली, दर्शनी भाग तेवढा राखला. पुढे चौकाच्या पोटात जमिनीखाली व्यायामशाळा आणि क्रीडागृह बांधले, आणि त्याची वाट त्या जुन्या दारातून काढली.

बाकी विद्यापीठाला ना कुंपण, ना कमान. पश्चिमेला गजबजलेला यंग स्ट्रीट, पूर्वेला चर्च स्ट्रीट, दक्षिणेला डंडस. मोठ्या शहराच्या ऐन मध्यावर वाढणाऱ्या संस्थेला मोकळी जमीन मिळणार कुठून? शेल्डन लेव्ही 2005 ते 2015 या काळात अध्यक्ष होते. विद्यापीठाने शहर घडवण्यात हात घातला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्या दशकात विद्यापीठ जे पसरले ते शहराच्या वापरातल्या इमारतींत शिरून. पुण्याच्या पेठांत तळमजल्यावर दुकान आणि माडीवर बिऱ्हाड असते, तशी ही रचना.

बे आणि डंडस रस्त्यांच्या कोपऱ्यावर व्यवस्थापन शाखा 2006 मध्ये सुरू झाली. खालच्या मजल्यांवर 'कॅनेडियन टायर' हे गाड्यांच्या सुट्या भागांपासून स्वयंपाकाच्या भांड्यांपर्यंत सगळे विकणारे दुकान, आणि वर उद्योगपती टेड रॉजर्स यांच्या नावाची ही शाखा. किरकोळ व्यापाराचे व्यवस्थापन हा तिथला एक स्वतंत्र विषय आहे. तो शिकणारी मुले वर्ग सुटला की खाली उतरतात ती थेट बाजारातच.

तेव्हाच्या डंडस चौकासमोरच्या बहुपडदा चित्रपटगृहात तर 2008 पासून विद्यापीठाचे तास भरतात. दिवसा पडद्यावर प्राध्यापकांच्या स्लाइड्स आणि संध्याकाळी त्याच पडद्यावर नवा सिनेमा. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर 2010 मध्ये 'डीएमझेड' आले. कल्पना घेऊन आलेल्या तरुणांना तिथे जागा, सल्ला आणि ग्राहकांपर्यंत पोहोचण्याची वाट मिळते.

या सगळ्यांत मन गुंतून राहते ते कार्ल्टन स्ट्रीटवरच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये. 1931 साली, मंदीच्या ऐन तडाख्यात, अवघ्या साडेपाच महिन्यांत उभे राहिलेले हे आइस हॉकीचे मैदान टोरांटोकरांचे दैवत. बीटल्स तिथे 1964, 1965 आणि 1966 अशी लागोपाठ तीन वर्षे गायले. 1999 मध्ये तिथे खेळणारा मेपल लीफ्स हा हॉकी संघ नव्या जागी गेला आणि एवढी मोठी वास्तू ओस पडली. 'लॉब्लॉज' या किराणा मालाच्या साखळीने ती विकत घेतली. पुढे विद्यापीठ भागीदार झाले. 2011 मध्ये खाली दुकान उघडले, 2012 मध्ये वर विद्यापीठाचे क्रीडासंकुल. जुन्या घुमटाखाली बर्फ पुन्हा अंथरला गेला, फक्त पहिल्यापेक्षा काही मजले उंचावर. जुन्या मैदानाचा मध्यबिंदू कुठे होता, हे दाखवणारा लाल ठिपका दुकानाच्या फरशीवर आहे. डाळी-डब्यांच्या रांगांमधून तो शोधत येणारे हॉकीवेडे तिथे भेटतात. वास्तू पाडून नवी बांधणे सोपे होते. ती जिवंत ठेवून तिच्यात घर करणे हेच या संस्थेचे खरे कौशल्य.

मात्र असे घर करणे दरवेळी गोडीगुलाबीने जमले नाही. यंग स्ट्रीटवर 'सॅम द रेकॉर्ड मॅन' हे तबकड्यांचे प्रसिद्ध दुकान होते. दर्शनी भिंतीवर निऑन दिव्यांच्या दोन प्रचंड तबकड्या रात्रभर फिरताना दिसत. 2007 मध्ये दुकान बंद झाले, जागा विद्यापीठाकडे आली आणि दुकान पाडले. त्या जागी 2015 मध्ये विद्यार्थी अध्ययन केंद्र उभे राहिले. ते स्नोहेटा या नॉर्वेच्या वास्तुरचनाकारांचे. इजिप्तमधले अलेक्झांड्रियाचे ग्रंथालयही त्यांचेच. अध्ययन केंद्रातल्या 'द बीच' नावाच्या मजल्याची जमीन समुद्रकिनाऱ्यासारखी उतरती आहे, आणि मुले तिथे ऐसपैस बसून अभ्यास करतात. इमारत देखणी, पण निऑन तबकड्यांची ती पाटी परत लावण्याचा शब्द विद्यापीठाने शहराला दिला होता आणि ती नव्या इमारतीवर दिसेना. नागरिक चिडले, वर्तमानपत्रांतून लिहिले गेले, नगरपालिकेत चर्चा झाल्या. त्यांचा राग रास्त होता. रस्त्याच्या आठवणीवर त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांचा हक्क असतो, आणि शहराचे म्हणवणाऱ्या विद्यापीठाने तर तो सर्वांत आधी मानायला हवा. अखेर डंडस चौकाशेजारच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील शहराच्या मालकीच्या इमारतीवर पाटी चढली आणि जानेवारी 2018 मध्ये तबकड्या पुन्हा उजळल्या.