बेंबीजवळचे दुखणे

दसरा-दिवाळी आटोपली की माझ्या दवाखान्यात एका ठराविक तक्रारीची मुले वाढू लागतात. वय साधारण पाच ते बारा, तक्रार पोटदुखीची, आणि सोबत आई नसते. आजी किंवा आजोबा असतात. गेल्या हंगामात अशीच एक आजी दुसरीतल्या नातवाला घेऊन तिसऱ्यांदा आली. ‘डागदरसाहेब, लेकराचं पोट लई दुखू राह्यलं. सलाईन लावा, नाहीतर मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी द्या.’ मुलाला कुठे दुखते ते एका बोटाने दाखवायला सांगितले. त्याने बोट बेंबीवर ठेवले.

वजन घटलेले नव्हते. ताप, उलटी, जुलाब नव्हते. लघवीची तपासणी चांगली होती, जंताचे औषध शाळेतच मिळालेले होते. दुखणे सकाळी शाळेच्या वेळी व संध्याकाळी दिवेलागणीला येई. रात्री झोप मात्र शांत लागे. आई-वडील कुठे आहेत, असे विचारल्यावर आजीने ‘कारखान्यावर’ एवढेच सांगितले. मुलगा जमिनीकडे पाहत राहिला.

जालना जिल्ह्यातून, विशेषतः अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या तालुक्यांतून, दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. केदारखेड्याच्या आसपासचीही काही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलेली माणसे परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. तान्ही मुले बरोबर जातात, शाळकरी मुले म्हाताऱ्यांजवळ राहतात. काही गावांत शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय होते व मुलाचे जेवण आणि शिक्षण सुटत नाही, ही मोठीच गोष्ट आहे. पण सात वर्षांच्या मुलासाठी पाच-सहा महिने म्हणजे किती काळ, याचा हिशेब मोठ्यांच्या दिनदर्शिकेवर होत नाही.

वारंवार पोट दुखणाऱ्या मुलांचा पहिला पद्धतशीर अभ्यास ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ले यांनी केला. १९५८ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी नेश यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहांपैकी साधारण एका मुलाला असे दुखणे होते आणि त्यांतील फारच थोड्यांच्या पोटात प्रत्यक्ष रोग सापडला. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका रोगाचा संशय अधिक, हा त्यांचा ठोकताळा आजही डॉक्टरांच्या उपयोगी पडतो.

रोग नाही याचा अर्थ मूल ढोंग करते असा मुळीच नाही. आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचे दाट जाळे असते व त्याचा मेंदूशी अखंड संबंध असतो. भीती किंवा काळजी वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, त्यांची संवेदना तीव्र होते आणि खरोखरीची कळ येते. कोर्टाच्या तारखेच्या सकाळी मोठ्या माणसालाही दोनदा परसाकडे जावे लागते, मग लेकराचे काय? मोठा माणूस निदान ‘करमत नाही’ असे म्हणतो. लहान मुलाला ते सांगता येत नाही, त्याचे पोट दुखते. कोणी अंथरूण ओले करू लागते. सहा महिन्यांहून अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण भिजवू लागले, तर आधी लघवीतील साखर व जंतुसंसर्ग तपासून घ्यावा आणि मग घरात काय बदलले ते पाहावे.

येथे सोनोग्राफीविषयी थोडे. घाबरलेले पालक परस्पर सोनोग्राफी करून आणतात. अहवालात पोटात बारीक गाठी लिहिलेल्या असतात आणि घरात क्षयाची चर्चा सुरू होते. अशा लहान गाठी निरोगी मुलांतही दिसतात. केवळ त्या कागदावर क्षयाचे औषध सुरू झालेली मुले मी पाहिली आहेत, व त्याचे मला वाईट वाटते. मात्र दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप, हिरवी उलटी किंवा शौचातून रक्त असेल, किंवा उजव्या बाजूला खाली दुखत असेल, तर एक दिवसही वाट पाहू नये.

त्या मुलाकडे वळू. बोलता बोलता आजीकडूनच कळले की आई-वडील पहाटे, तो झोपेत असताना निघून गेले होते. रडेल म्हणून. शिवाय त्याने त्रास दिला की शेजारचे कोणी म्हणे, ‘असं केलंस तर माय येणारच नाही.’ हे गमतीने म्हटले जाते, पण मूल ते खरे मानते. आपल्यामुळेच आई गेली, असा त्याचा समज होतो. सांगून निघावे, रडू द्यावे. सांगून गेलेली आई परत येते यावर मुलाचा विश्वास बसतो. न सांगता गेली की रोज झोपायची भीती वाटते.

मी गोळी दिली नाही. (आजी नाराज झाली, हे कबूल करतो.) आईचा फोन कधीतरी न येता रोज एकाच वेळी यावा, मग दोनच मिनिटे का होईना, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलाने रोज एक फुली मारावी, शाळा चुकवू नये, आणि ‘दुखतंय का रे?’ हा प्रश्न घरात बंद करावा, असे सांगितले. गुरुजींनाही निरोप पाठवला.

आजी म्हणाली, ‘मी अडाणी बाई, मी काय करणार?’ हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, आजार व घरातील कलह यांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती, समंजस निघाली. अशा मुलांच्या वाट्याला जवळचे असे निदान एक माणूस नेमाने आलेले होते, आणि ते पुष्कळदा आजी-आजोबांपैकी असे. हे मी आजीला आमच्या भाषेत सांगितले. रात्री त्याला जवळ घेऊन निजता का, असे विचारले. ‘तर! कुशीतच असतो,’ ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी ती स्वतःच्या गुडघ्यांसाठी आली. नातू शाळेत होता. पोट अजून अधूनमधून दुखते, विशेषतः ज्या दिवशी फोन लागत नाही त्या दिवशी.