बाहेर बर्फ, आत ३४ अंश

कॅनडात जानेवारीत पारा शून्याखाली २० अंशांवर जातो. भुंग्यांची राणी तेव्हा एकटीच जमिनीखाली निपचित पडलेली असते. तिचे बाकीचे गणगोत शरद ऋतूतच संपलेले असते. मधमाश्या मात्र शीतनिद्रेत जात नाहीत. सबंध वसाहत, राणीसकट, हिवाळाभर जागती असते आणि स्वतःची ऊब स्वतः तयार करते.

हवा साधारण १४ अंशांखाली उतरली की माश्या एकमेकींना बिलगून स्वतःचाच एक गोळा बनवतात. बाहेरच्या थरातल्या माश्यांची डोकी आत वळलेली, अंगाला अंग घट्ट भिडलेले. आत मात्र थोडी मोकळीक असते. तिथली एखादी माशी नीट पाहिली तर ती नुसती बसलेली दिसते, पंख मिटलेले. पण तिच्या छातीतले उडण्याचे स्नायू थरथरत असतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू ठेवावे, तसे ती पंख न हलवता स्नायू चालवते. इंधन मधाचे. गोळ्याच्या पृष्ठभागावर जेमतेम १० अंश, आणि मध्यभागी अळ्या असतील तर ३४ अंशांच्या आसपास! थंडी वाढली की गोळा आवळतो, कमी झाली की सैलावतो. गंमत म्हणजे माश्या पेटी तापवतच नाहीत. गोळ्यापासून थोडे दूर गेले की पेटीतली हवा जवळजवळ बाहेरच्याइतकीच गार असते.

या कामाला माश्याही वेगळ्या लागतात. उन्हाळ्यातली कामकरी माशी सहाएक आठवड्यांत मरते. शरद ऋतूत जन्मलेली, अंगात चरबी आणि प्रथिने साठवलेली माशी सहा महिन्यांपर्यंत तग धरते. आयते खाणाऱ्या नरांना थंडीपूर्वीच बाहेर काढलेले असते. विष्ठेसाठीही माश्या आठवडेच्या आठवडे थांबतात. एखादा उबदार दिवस उजाडला की बाहेर झेपावून मोकळ्या होतात.

हे सारे डोळ्यांनी पाहावे असे वाटणारच. काचेची पोळी अठराव्या शतकातही होती, पण फ्रेंच निसर्गअभ्यासक रेओम्युरच्या पेटीत दोन पोळी मावत आणि माश्या त्यांच्या मधल्या फटीत दिसेनाशा होत. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरने दोन काचांत एकच पोळे ठेवले, लपायला जागाच उरू दिली नाही. ह्यूबर स्वतः आंधळा होता. त्याचे डोळे म्हणजे त्याचा मदतनीस बुर्नेन्स. बुर्नेन्सने पाहायचे, ह्यूबरने प्रश्न विचारायचे, अशा जोडीने घडलेला ग्रंथ १७९२ साली निघाला.

पण जी रचना आपल्या डोळ्यांच्या सोयीची, तीच थंडीत माश्यांच्या मुळावर येते. गोल आकारातून उष्णता सर्वांत कमी निसटते. दोन काचांमधल्या चार-पाच सेंटिमीटरांत गोळा चपटा होतो आणि दोन्ही बाजूंनी गार काच ऊब ओढून घेते. मध जळताना वाफही निघते. ती काचेवर थेंब होऊन ओघळते आणि भिजलेली माशी थंडीत वाचत नाही. शिवाय शिधा तोकडा पडतो. कडक हिवाळ्यासाठी एका वसाहतीला साधारण २५-३० किलो मध हवा. पोळ्याची मोठी चौकट काठोकाठ भरली तरी तिच्यात तीनेक किलोच मावतो. शिधा असूनही घात होऊ शकतो. कडाक्याच्या थंडीत गोळ्याला हलता येत नाही, आणि मध चार बोटांवर असताना माश्या उपाशी मरतात.

मग पेटी गरम खोलीत ठेवावी का? तसे केले तर माश्यांना वसंत आल्यासारखे वाटते. गोळा सुटतो, राणी अवेळी अंडी घालू लागते, मध भराभर संपतो आणि माश्यांच्या ये-जा करण्यासाठी भिंतीत बसवलेल्या नळीतून बाहेर पडलेली माशी गारठून बर्फात पडते. म्हणून जाणकार मधपाळ पेटी न तापवलेल्या खोलीत ठेवतात, दुहेरी काच लावतात, तिच्यावर थर्माकोलसारखी जाड झडप बसवतात, मेलेल्या माश्यांनी नळी तुंबू देत नाहीत. पाहायचेच तर क्षणभर झडप काढायची, तीही लाल दिव्यात. माश्यांना लाल रंग दिसत नाही. झडपेखाली काचेला तळहात लावला तर गोळा कुठे आहे ते न पाहताही कळते, तेवढाच भाग कोमट लागतो.

बरेच जण मात्र हा खटाटोप न करता शरद ऋतूतच चौकटी मोठ्या वसाहतीत परत ठेवतात. शहाणपणाचा मार्ग तोच. आपल्या सातेरी माश्यांवर अशी वेळ येत नाही. आपल्याकडे थंडीतही फुले असतात. पण कधी हिवाळ्यात थंड देशातल्या एखाद्या संग्रहालयात गेलात आणि काचेचे पोळे रिकामे दिसले, तर माश्या मेल्या असे समजू नका. मे-जूनमध्ये पुन्हा चक्कर मारा.