आठ दिवसांचे पाहुणे

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला, अगोरा हिल्सजवळच्या डोंगरात एक रेल्वे स्टेशन आहे. तिथे गाडी कधीच आली नाही. ‘डॉ. क्विन, मेडिसिन वुमन’ या मालिकेसाठी ते उभारलं होतं. 2018च्या नोव्हेंबरात वूल्झी वणव्यात पॅरामाउंट रँच या चित्रीकरणाच्या जागेवरचं जवळजवळ सगळं लाकडी गाव जळालं; हे स्टेशन आणि एक छोटं चर्च तेवढं वाचलं. पुढच्या वर्षी बहिणीकडे गेले तेव्हा मी हट्टाने तिथे गेले. गायक जॉनी कॅशसाठी.

1993मध्ये या मालिकेत तो किड कोल झाला होता: एके काळचा नावाजलेला बंदूकबाज, आता खोकल्याने खंगलेला. तेव्हा कॅश साठीला पोहोचला होता. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने 1986मध्येच त्याची साथ सोडली होती आणि रेडिओला त्याची आठवण राहिली नव्हती. त्याला पुन्हा उभं करणारा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा अल्बम 1994मध्ये यायचा होता. त्यातच 1990मधल्या शस्त्रक्रियेत जबडा मोडला होता, त्याचं दुखणं कायम मागे लागलेलं. किड कोल शब्द जपून, तोलून बोलतो. तो भाग पाहताना मला त्या जबड्याचीच आठवण येत राहते.

स्टेशनच्या फलाटावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तरुणपणी अशाच मालिकांच्या लाइटच्या खात्यात होते म्हणाले. एका भागाला आठ दिवस, त्यांनी सांगितलं. आठ दिवसांत पाहुण्या कलाकाराने यायचं, दुसऱ्याच्या मापाने शिवल्यासारखे वाटणारे बूट चढवायचे, अनोळखी घोड्याशी जमवून घ्यायचं आणि वर्षानुवर्षं एकत्र काम करणाऱ्या माणसांत घरचं होऊन जायचं. नवव्या दिवशी तिथे दुसरी गोष्ट सुरू.

बोलता बोलता ते मध्येच थांबले. शब्द अर्धाच राहिला. डोंगरावरून विमान चाललं होतं. आवाज पूर्ण विरेपर्यंत ते हात किंचित वर धरून बसले आणि मग पुढचं बोलले. मालिकेतली गोष्ट 1860च्या दशकातली. तिच्यात विमान ऐकू येऊन चालत नाही. काम सुटून किती वर्षं झाली असतील, पण तो हात अजून वर जातो.

त्या थांबण्यामुळे मला जून कार्टर आठवली. पुढच्या एका भागात कॅशची बायको जून सिस्टर रूथ म्हणून येते. तंबू टाकून प्रार्थनेने आजार बरे करू पाहणारी ही बाई आणि किड कोल एकमेकांकडे ओढले जातात. सगळे बघतात ते कॅशकडे; तो आवाज, तो चेहरा, बघणारच. पण दोघांतली अभिनय शिकलेली होती ती जून. दिग्दर्शक एलिया कझानच्या सांगण्यावरून ती 1950च्या दशकात न्यूयॉर्कला सॅनफर्ड माइसनरकडे शिकली. समोरच्याचं खरोखर ऐकायचं आणि त्यातून जे उमटेल ते करायचं, ही त्यांची शिकवण. कॅश बोलतो तेव्हा जूनकडे बघावं. आपल्या वाक्याची पाळी कधी येते याची ती वाट बघत नाही, त्याचं बोलणं पुरतं आत घेते. तिच्या ऐकण्यामुळेच त्याचं थबकत बोलणं किड कोलचं वाटतं. कधीचा पाहिलेला प्रसंग, पण तिची मान त्याच्याकडे वळते ती अजून डोळ्यांपुढे आहे. नवरा-बायकोच आहेत, त्यांना काय कठीण, असं म्हणणाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्याच माणसाला पहिल्यांदा भेटून दाखवावं. आणि तेही आठ दिवसांत.

त्याआधी 1976मध्ये ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या मालिकेतही ही जोडी आली होती. तिथे कॅश पाद्री असल्याची बतावणी करून गावाला फसवू पाहणारा भामटा, आणि जून त्याची बायको. धर्मोपदेशक बिली ग्रॅहमच्या सभांतून मनापासून गाणाऱ्या माणसाने खोट्या पाद्र्याची भूमिका घेतली, ही मला त्याची मोठी हिंमत वाटते.

फलाटाच्या पलीकडे जळक्या लाकडाचा वास अजून होता. म्हाताऱ्यांना मी जूनबद्दल सांगू लागले आणि दुसरं विमान आलं. या वेळी मीही थांबले.